काळ्या रानातली ढेकळं: कांदा-हरभऱ्यासाठी रान तयार करतानाच्या नोंदी

ठिकाण: नेवासा तालुका, मुळा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातलं भारी काळं रान. विहिरीकडचा तुकडा सव्वा एकर, तिथे रब्बी कांदा. ओढ्याकडचा तुकडा एकरभर, तिथे हरभरा. दोन्हीकडे खरिपात सोयाबीन. हंगाम २०२४-२५.

६ ऑक्टोबर

काल संध्याकाळी हार्वेस्टर विहिरीकडच्या रानातून बाहेर पडला. शेंगा तडकायला लागल्या होत्या, त्यामुळे थांबायला वाव नव्हता. पण रान अजून ओलं होतं. चाकं गेली त्या पट्ट्यात माती चकचकीत झाली आहे, टायरची नक्षी जशीच्या तशी उठली आहे. हेच पट्टे वाळले की विटा होऊन वर येणार. आज सकाळी प्रत्येक चाकोरीच्या दोन्ही टोकांना तुराट्या रोवून ठेवल्या. पुढे कुठलं ढेकूळ चाकाखालचं आणि कुठलं रानाचं स्वतःचं, ते वेगळं कळायला हवं.

यंदा लिहून ठेवायचं ठरवलं, कारण कांद्याच्या रानाला रोटा (ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर) किती वेळा मारायचा यावर घरात दरवर्षी वाद होतो. दादांना रान कुळवानं तयार झालेलं आवडतं. शेजारच्या तात्यांचं म्हणणं, दोन रोटे मारा आणि मोकळे व्हा. दोघांचेही कांदे निघतात, म्हणून वाद कधी मिटत नाही.

माझा अंदाज असा की ढेकूळ कुठल्या अवजारानं फुटतं याला दुय्यम महत्त्व आहे. ते कुठल्या ओलीवर फोडायला घेतलं, यावर जास्त अवलंबून आहे. तो खरा की खोटा ते या हंगामात बघू.

९ ऑक्टोबर

विहिरीकडच्या रानात तीन ठिकाणी गुडघाभर खड्डे घेतले. वरची वीतभर माती चांगली आहे, हातात घेऊन दाबली की कण सुटे होतात. त्याखाली एक आडवा थर लागतो, कुदळीला टणक. माती कण न होता पापुद्र्यासारखी आडवी निघते. सोयाबीनची मुळं तिथवर सरळ येतात आणि मग काटकोनात वळून आडवी पळतात. एक झाड मुळासकट धुऊन घेतलं, तर सोटमूळ बूट घातल्यासारखं वाकलेलं.

वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर आणि रोटा चालला की असा तवा तयार होतो. सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारा खोल फाळ, लावावा का, अशी चर्चा झाली. आत्ता नाही. खालचा थर ओला असताना सबसॉयलर फक्त एक फट पाडत जातो आणि ती फट पुढच्या पाण्याला मिटते. तो थर कोरडा ठणठणीत असला तरच तडकून दोन्ही बाजूंना भेगा जातात. म्हणजे हे काम उन्हाळ्याचं.

पलटी नांगरही नको असं ठरलं. ऑक्टोबरात भारी रान नांगरलं की ओले लपके उलटे पडतात आणि ऑक्टोबर हीटमध्ये आठ दिवसांत त्यांचा दगड होतो. उन्हाळी नांगरटीची गोष्ट निराळी. तेव्हा ढेकळं कितीही मोठी निघाली तरी पुढे वळवाचे पाऊस असतात, ते फोडतात. रब्बीत आपल्याला तेवढी सवड नसते.

१२ ऑक्टोबर, दसरा

अवजारं धुतली, पुजली. छपरात अडगळीला पडलेली बाभळीची मैंद, म्हणजे ढेकळं दाबून फोडायचा जड ओंडका, बाहेर काढली. दोन माणसं लागतात उचलायला. पूर्वी कुळवाच्या पाळीनंतर बैल जोडून ही फिरवायचे आणि वजन म्हणून वर माणूस उभा राहायचा. वाळवी लागलेली नाही. साखळी लावून ट्रॅक्टरमागे ओढता येईल.

१४-१५ ऑक्टोबर

आज माती परीक्षेची पाळी. पैसे न लागणारी परीक्षा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चार ठिकाणची सुपारीएवढी वाळलेली ढेकळं घेतली: विहिरीकडचं मध्यातलं, चाकोरीतलं, ओढ्याकडचं वरच्या अंगाचं आणि ओढ्याकडच्या खालच्या कोपऱ्यातलं. काचेचे चार ग्लास. पाणी बॅटरीत घालतात ते घ्यायचं, कारण ते क्षारविरहित असतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घेतलं तर त्यातले क्षार निकाल झाकतात. ढेकूळ हळूच तळाला सोडायचं आणि ग्लास अजिबात हलवायचा नाही.

पहिलं ढेकूळ सोडल्या सोडल्या बुडबुडे यायला लागले. पाणी बाहेरून आत शिरतं, आतली हवा कोंडली जाते आणि ढेकूळ कडेकडेनं फुटत जातं. पाच मिनिटांत तळाला बारीक कणांचा ढीग, वरचं पाणी स्वच्छ. चाकोरीतलं ढेकूळ तसंच, पण फार सावकाश. अर्ध्या तासानंतरही मधला गाभा शाबूत होता. दाबलेल्या मातीत पोकळीच कमी, त्यामुळे पाणीही शिरत नाही आणि हवाही फुटत नाही. ओढ्याकडचं वरच्या अंगाचं पहिल्यासारखंच.

चौथा ग्लास मात्र वेगळा. ढेकूळ फारसं फुटलं नाही, पण दोन तासांनी त्याच्याभोवती दुधाळ कडं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अख्ख्या ग्लासातलं पाणी गढूळ, पलीकडचं बोट दिसेना.

काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यातूनच या भेगा आणि ढेकळं. फुगली-आक्रसली तरी कण एकमेकांना धरून असतील तर ढेकूळ फुटून भुगा होतो. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगतात आणि वाळताना पुन्हा एकसंध बसतात. चौथ्या ग्लासातली माती ती. कालव्याच्या पाझरानं तो कोपरा बरीच वर्षं दमट राहतो आणि उन्हाळ्यात पांढरा दिसतो, म्हणजे निकालाचं आश्चर्य नाही. त्या पाच-सहा गुंठ्यांचा नमुना वेगळा काढून प्रयोगशाळेत पाठवला. जिप्सम किती टाकायचं ते अंदाजानं ठरवू नये. हरभरा क्षार आणि चोपण (सोडियमनं बिघडलेली माती) दोन्ही सहन करत नाही, तेव्हा कोपऱ्यात पेरायचाच नाही.

१९ ऑक्टोबर

कांद्याची रोपवाटिका टाकली. सव्वा एकराला तीन किलो बी, अडीच-तीन गुंठे जागा. वाण एन-२-४-१, घरचंच बी.

इथे मात्र माती बारीक हवी, त्यात तडजोड नाही. वाफे एक मीटर रुंद, तीन मीटर लांब, वीतभराला कमी उंच. वरच्या चार बोटांतली ढेकळं आईनं आणि मी हातानं फोडली, न फुटणारी वेचून बांधावर टाकली. वखराच्या फासानं, म्हणजे त्याच्या पात्यानं, फुटत नाही ते ढेकूळ हातानं का फुटतं, याचं उत्तर साधं आहे. हात थांबतो, चाचपतो, ढेकळाची भेग शोधतो.

बोटाएवढ्या अंतरानं ओळी ओढून बी एक-दीड सेंटीमीटरवर टाकलं. वरून गांडूळ खत आणि ट्रायकोडर्मा मिसळलेली चाळलेली माती. पाणी झारीनं. पाट सोडून दिला असता तर बी एका कडेला वाहून गेलं असतं आणि वर पपडी धरली असती.

२४ ऑक्टोबर

हरभरा पेरला. ओढ्याकडच्या रानात कुळवाच्या दोन पाळ्या फक्त, एक उभी आणि एक आडवी. धसकटं वेचली. रोटा नाही, मैंद नाही. मुठीएवढी ढेकळं सगळ्या रानात तशीच पडून आहेत.

ट्रॅक्टरवाल्याला हे पटेना. "असल्या रानात पेरायचं? लोक हसतील. एक रोटा मारू द्या, पीठ करून देतो." लोक हसले तरी चालतील. हरभऱ्याचं बी जाड, कोंबाला जोर असतो, त्याला बारीक माती लागत नाही. मुळांवरच्या गाठींना हवा लागते. बारीक केलेलं भारी रान एका अवकाळी पावसात बसून जातं आणि मग हरभरा पिवळा पडतो, त्याला मर लागते. ढेकळांच्या रानात हवा खेळते. दादा तर म्हणतात, ढेकळाच्या सावलीत ओल टिकते. ते कितपत खरं, ते मोजलेलं नाही, पण दुपारी ढेकूळ उलटवलं तर खाली माती गार आणि काळी असते एवढं खरं.

महत्त्वाचं एकच: पाभरीचा फण ओलीत गेला पाहिजे. वरचे दोन-तीन बोटं कोरडी होती, म्हणून बी त्याखाली ओलीला टेकेल असं सात-आठ सेंटीमीटरवर सोडलं. वाण फुले विक्रम. आधी ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम चोळून सावलीत सुकवलेलं. दोन ओळींत एक फूट.

खालचा कोपरा मोकळा सोडला. तात्यांनी बांधावरून विचारलंच, "तेवढं का टाकलं रं?" सांगितलं. म्हणाले, "तिथं काय बी येत नाय, आमच्या आज्यापासून माहितीय." मग ग्लासाची एवढी खटपट कशाला, असा त्याचा अर्थ. पण तो कोपरा दर वर्षी थोडा वर सरकतो आहे, आणि कुठवर आला ते नुसत्या डोळ्यांना पेरणीआधी दिसत नाही.

२८ ऑक्टोबर

विहिरीकडच्या रानात पंजी, म्हणजे ट्रॅक्टरचं दात्यांचं अवजार, मारली. अपेक्षेप्रमाणे दोन वेगळी रानं उठली. तुराट्यांच्या मधल्या भागात ढेकळं लिंबाएवढी, फार तर मुठीएवढी. तुराट्यांच्या रेषेत सरळ पाट्या निघाल्या, काही डोक्याएवढ्या, एका बाजूला अजून टायरचा ठसा.

कुदळीच्या मागच्या अंगानं एका पाटीवर घाव घातला, तर टवका उडाला आणि पाटी जागेवर. अशा ढेकळावर रोटा घातला तर पाती घासतात, डिझेल जळतं, आणि हाती लागतो थोडा धुरळा आणि बरेचसे गोटे. मधल्या आकाराची माती, जी आपल्याला हवी असते, तीच मिळत नाही.

रोपवाटिकेत कोंब वर आले. कांद्याचा कोंब सरळ येत नाही, आधी गुडघा बाहेर काढतो आणि मग टोक ओढून सरळ होतो. एका वाफ्यात कडेला झारीचं पाणी एकाच जागी जास्त पडलं होतं, तिथे पपडी धरली आहे. गुडघे पपडीखाली अडकून पांढरेच राहिलेत. पाण्याचा हलका शिडकावा करून पपडी मऊ केली, हात लावला नाही.

३० ऑक्टोबर

ढेकळांना पाणी द्यायचं ठरलं. तुषार संच तात्यांकडून आणला. सगळ्या रानावर तीन-साडेतीन तास, इतकंच की ढेकूळ आतपर्यंत भिजावं पण खालचं रान चिखल होऊ नये. सारे पाडून पाणी भरलं असतं तरी ढेकळं विरघळली असती. पण मग भेगा आणि पोकळ्याही मिटल्या असत्या आणि वाफशाला, म्हणजे मशागतीजोगी ओल यायला, पंधरा दिवस थांबावं लागलं असतं.

कोरड्या ढेकळावर पाणी पडलं की ग्लासात झालं तेच रानात होतं. संध्याकाळी संच बंद केल्यावर वाकून ऐकलं तर बारीक चरचर ऐकू येत होती.

आता दिवाळी. तेवढ्यात रान सुकू द्यायचं. थांबणं हेही मशागतीचंच काम, फक्त त्याचं बिल येत नाही.

५ नोव्हेंबर

पाडवा, भाऊबीज झाली. सकाळी वाफसा बघितला. वरून रान पांढुरकं झालं होतं आणि बघणाऱ्याला वाटलं असतं की आलं. पण वरच्या मातीवर जायचं नाही. कुळव जिथवर जाणार तिथली माती घ्यायची, म्हणजे चार-पाच बोटं खालची.

दोन परीक्षा. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकायचा. चपटा झाला तर ओल जास्त, फुटून विखुरला तर वाफसा. दुसरी अधिक नेमकी: माती तळहातावर घोळून वळी करायची. तीन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पेन्सिलीच्या जेमतेम निम्म्या जाडीची वळी न तुटता झाली तर माती अजून मळता येण्याजोगी आहे आणि अवजार तिला कापणार नाही, लिंपणार. तेवढी बारीक व्हायच्या आतच तुटायला लागली तर घाला कुळव.

आज वळी झाली. बांधाकडे तर मोदकाची पारी करावी अशी माती. थांबलो. ट्रॅक्टरवाला दुसऱ्या गावाला गेला.

८ नोव्हेंबर

वाफसा आला. मध्यात आणि उत्तरेला आला, बांधाकडच्या दोन पट्ट्या अजून ओल्या होत्या, त्या सोडून बाकीचं रान घेतलं. भारी रानात हीच अडचण. ओलं असतं तेव्हा फार ओलं, वाळतं तेव्हा फार वाळतं, आणि मधली वेळ चार-दोन दिवसांची. हलक्या मुरमाड रानवाल्यांना याची कल्पना येत नाही.

कुळवाची पाळी चालू असताना मागे चालत बघितलं. फास जमिनीत शिरतो, त्याच्यावरून माती लाटेसारखी उचलली जाते आणि पलीकडे पडताना आपोआप सुटी होते. पाट्यांवर फास आपटला तर त्या अंगच्या भेगांवरून चार-सहा तुकडे होऊन पडत होत्या. दहा दिवसांपूर्वी कुदळीला न जुमानणारी पाटी पायानं दाबली तर फुटली. मागून मैंद फिरवली, वर दोन पोती माती ठेवून. उरलेली ढेकळं मैंदीखाली दाबून भुगा झाली. काही नुसती जमिनीत रुतली, तेही धरायला हवं.

मोजमाप: पाइपाची दीड फूट चौकट करून तिच्यातली वरची चार बोटं माती उकरली आणि दोन सेंटीमीटरच्या जाळीवर चाळली. पंजीनंतर चाकोरीत तीन हिस्स्यांपैकी दोन हिस्से माती जाळीवर राहत होती, आज एक हिस्सा राहिली. मधल्या भागात तर पाव हिस्साही नाही. सगळं जाळीखाली जायला नकोच आहे. वर थोडे सुपारीएवढे खडे राहिले तर पाण्याचा थेंब त्यांच्यावर फुटतो, रान बसत नाही.

१२ नोव्हेंबर

घरातला वाद मिटवायचा प्रयोग. उत्तरेच्या बाजूला तीन पट्टे आखले. पहिला कुळव आणि मैंदीवर सोडलेला. दुसऱ्यात एक रोटा. तिसऱ्यात दोन रोटे, तात्यांच्या पद्धतीनं.

रोट्याबद्दल एक गोष्ट चालकांनाही सांगावी लागते. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवला की पात्यांचा वेग ठरून जातो. मग माती किती बारीक होणार ते ट्रॅक्टर किती सावकाश चालतो यावर ठरतं. सावकाश चाललं की एका जागी जास्त पाती पडतात, माती पीठ होते. मागची फळी खाली पाडली तर ढेकळं तिच्यावर आदळून आणखी फुटतात. दुसऱ्या पट्ट्यात गिअर वरचा, फळी अर्धी उचललेली, खोली चार बोटं. तिसऱ्यात चालकाला त्याच्या मनासारखं करू दिलं.

दिसायला तिसरा पट्टा सगळ्यात देखणा. तात्या येऊन उभे राहिले, पायानं माती उडवली आणि काही न बोलता गेले.

१६ नोव्हेंबर

तिन्ही पट्ट्यांवर सारखंच पाणी तुषारनं दिलं होतं. आज वाळल्यावर बघितलं.

दोन रोट्यांच्या पट्ट्यात वर पपडी, जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढी जाड, बारीक जाळीसारख्या भेगा पडलेली. टोक उचललं की टवका अखंड हातात येतो. एक रोट्याच्या पट्ट्यात पपडी आहे पण तुटक, बोट लावलं की मोडते. कुळवाच्या पट्ट्यात पपडी नाही, पण ढेकळं दिसतात आणि तळहात फिरवला तर टोचतात.

मग तळ काढलेला डालड्याचा जुना डबा तिन्हीकडे दोन बोटं रुतवून एकेक लिटर पाणी ओतलं. कुळव आणि एक रोटा या दोन्हीत पाणी मुरायला फारसा फरक नाही. दोन रोट्यांच्या पट्ट्यात दुसऱ्या डब्यांतलं पाणी संपलं तेव्हा निम्म्याहून जास्त तसंच उभं होतं. पीठ झालेले कण पाण्याबरोबर पोकळीत जाऊन बसतात आणि बोळे बंद करतात.

खड्डा घेतला तर तिसऱ्या पट्ट्यात रोट्याच्या पात्यांच्या खोलीवर गुळगुळीत तळ. एल आकाराची पाती खालून माती घासत जातात. ऑक्टोबरात वीतभर खाली सापडलेल्या तव्यावर हा दुसरा, नवा तवा.

ठरलं: बाकी सगळ्या रानाला वाफशावर एक रोटा, वरच्या गिअरमध्ये. दादांनी मान्य केलं, "एक ठीक." दादांच्या तोंडून एवढं बाहेर पडणं पुष्कळ.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. ट्रॅक्टर आहे, चालक नाही. गेले काही दिवस तो प्रचाराच्या गाडीवर आहे. रान काल वाफशावर होतं, उद्याही राहील बहुतेक.

२२ नोव्हेंबर

रोटा झाला. त्याआधी कुजलेलं शेणखत पसरलं, एकरी सहा टनांच्या आसपास. काडी ओळखू येणार नाही इतकं कुजलेलं घ्यायचं. अर्धकच्च्या खताबरोबर तणाचं बी आणि हुमणी दोन्ही रानात येतात. या हंगामाची ढेकळं खतानं फुटणार नाहीत, तो पाच-सात वर्षांचा हिशेब आहे. घराजवळच्या परसात वर्षानुवर्षं राख, शेण, पालापाचोळा पडतो, तिथली तीच काळी माती पावसाळ्यानंतर हातानं उकरता येते.

२८ नोव्हेंबर

गादीवाफे पाडले. वर १२० सेंटीमीटर रुंद, मधे ४५ सेंटीमीटरची सरी, उंची वीतभराला थोडी कमी. प्रत्येक वाफ्यावर ठिबकच्या दोन नळ्या. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची हीच शिफारस आहे. भारी रानात वाफा उचललेला असला की जास्तीचं पाणी सरीत उतरतं आणि वर वाफसा टिकतो. शिवाय वाफा ओढताना उरलीसुरली मोठी ढेकळं आपोआप सरीत घरंगळतात. तिथे ती कुणाच्या वाटेत नाहीत.

थंडी छान पडली आहे. रोपं पेन्सिलीहून बारीक, अजून आठ-दहा दिवस लागतील.

३ डिसेंबर

ढगाळ. बंगालच्या उपसागरातल्या वादळाचं आभाळ इथवर आलं आहे, थंडी गायब. रोपवाटिकेवर करप्यासाठी लक्ष. वाफ्यांना काही करायचं नाही.

९ डिसेंबर

लागवड सुरू. आदल्या दिवशी ठिबकनं वाफे भिजवून घेतले होते. रोपांचा शेंडा तिसरा हिस्सा कापून, मुळं बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घेतली. पंधरा बाय दहा सेंटीमीटर.

रान कसं झालं याचा शेवटचा निकाल लावणाऱ्या बायकांचा असतो. अंगठ्यानं रोपाचं मूळ मातीत दाबायचं, बाजूनं माती ओढायची, पुढे सरकायचं. अंगठा अडला की हात थांबतो, दिवसभरात किती वाफे होतात ते त्याच्यावर ठरतं. उक्तं काम असेल तर रान बघूनच दर सांगतात. टोळीच्या प्रमुख मावशींनी सकाळी वाफ्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं हाये. मागल्या साली नखं गेली होती आमची." दोन रोट्यांच्या पट्ट्यात त्यांचा हात सगळ्यात झपाझप चालला, हेही लिहायला हवं. मावशींना विचारलं तर त्या तिसराच पट्टा निवडतील.

चाकोरीवरून जाणाऱ्या वाफ्यांत मात्र "हितं दगडं हायेत" अशी हाक अधूनमधून ऐकू आली. दगड नव्हते.

१३ डिसेंबर

आंबवणी, म्हणजे लागवडीनंतरचं दुसरं पाणी, दिली. रोपं उभी राहिली.

२१ डिसेंबर

नांग्या, म्हणजे रोपं मेलेल्या रिकाम्या जागा, बघितल्या. रानभर किरकोळ. चाकोऱ्यांच्या रेषेत जास्त, आणि तिथली मेलेली रोपं उपटून बघितली तर मुळं ढेकळांमधल्या पोकळीत लोंबकळत होती. माती मुळाला लागलीच नव्हती. पाणी मिळूनही रोप तहानेनं गेलं. तिसऱ्या पट्ट्यात सुरुवातीची मर कमी आहे, पण आता पात पिवळसर दिसते आणि ठिबकजवळ शेवाळ धरलं आहे. कुळवाच्या पट्ट्यात नांग्या थोड्या जास्त, उभी रोपं मात्र गडद. एक रोटा मधला, आणि माझ्या हिशेबानं सगळ्यात फायद्याचा. नांग्या रोपवाटिकेतल्या शिल्लक रोपांनी भरल्या.

हरभरा फुलावर येतो आहे. ढेकळं अजून ओळींमधे पडून आहेत, पहिल्या कोळपणीत निम्मी फुटली. ट्रॅक्टरवाल्यानं बांधावरून बघितलं, हसला नाही.

३ जानेवारी

कोपऱ्याच्या नमुन्याचा अहवाल आला. सामू ८.९, विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे सरळ चोपण. वरच्या अंगाच्या नमुन्यात तसं काही नाही. जिप्समची मात्रा अहवालात दिली आहे. पण पाझराचं पाणी बाहेर काढणारा चर आधी खणावा लागेल. नाहीतर जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीतून हुसकावेल, पण सुटलेला सोडियम निचऱ्याअभावी तिथेच राहील.

पुढची कामं: हरभरा निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याकडच्या रानात सबसॉयलर, खालचा थर वळी न होणारा कोरडा असेल तरच. विहिरीकडे कांदा काढल्यावर मे महिन्यात. कोपऱ्यात चर, मग जिप्सम, आणि पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरून फुलाआधी गाडायचा. सोयाबीनच्या वेळी हार्वेस्टरवाल्याला आधीच सांगायचं की धान्याची ट्रॉली रानात येणार नाही, बांधावर उभी राहील. रानात जाणारं चाक ठरलेल्या चाकोरीतूनच जाईल. तुराट्या काढलेल्या नाहीत.